पहिलं गाणं गाजलं, आता दुसरं कोणतं?

नौपाड्याची

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीतल्या (सानपाडा) पाच मुलींनी 'इलेव्हन' या गाण्यावर नाच केला. सगळ्या तेरा-चौदाच्या, त्यातली एक माझी लेक. आयव्ह हा कोरियातल्या सहाजणींचा ग्रुप आणि 'इलेव्हन' हे त्यांचं अगदी पहिलं गाणं, १ डिसेंबर २०२१ ला आलेलं. धृपद यायच्या जरा आधी त्याची लय एकदम संथ होते आणि मग पुन्हा मूळ पदावर येते. आमच्या मुली त्या जागी अशा काही सावकाश वळल्या की पहिल्या रांगेत प्रसादाचे द्रोण घेऊन बसलेल्या आज्यांचे हात तसेच थांबले. वन्स मोअर मिळाला. तेव्हापासून लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीवर, जो भेटेल तो विचारतो, "यंदा काय बसवताय?"

आणि इथंच गाडं अडलंय. तिघींना 'लव्ह डाइव्ह' करायचं आहे. आयव्हचंच दुसरं गाणं, ५ एप्रिल २०२२ चं. उरलेल्या दोघी म्हणतात, त्यात तो थांबा नाही, मग टाळ्या कुठे पडणार? सांस्कृतिक समितीतले काकाही म्हणाले, "पोरींनो, गेल्या वर्षीसारखंच काहीतरी करा की, मध्येच संथ होणारं." काका कौतुकानंच बोलले, पण मुली त्या दिवसापासून गप्प आहेत. सरावाला येतात, पार्किंगमध्ये खडूनं सहा फुल्या मारतात (मूळ नाच सहाजणींचा, एक फुली रिकामीच राहते), स्कूटरच्या सीटवर फोन ठेवतात, जुनं 'इलेव्हन'च दोनदा करतात आणि आपापल्या घरी जातात.

मला वाटतं त्यांनी 'लव्ह डाइव्ह'च करावं. का, ते सांगते.

१९९७ साली मी नौपाड्यात राहत होते, अकरावीत होते. मावसभावानं स्पाइस गर्ल्स या ब्रिटनमधल्या पाचजणींच्या ग्रुपची कॅसेट आणली होती. आम्हा मैत्रिणींना त्यातलं फक्त 'वॉनाबी' हवं असायचं. ते पहिलंच गाणं. संपलं की कॅसेट काढायची, पेन्सिल घालून गरागरा फिरवायची, परत लावायची, कारण टेपचं रिवाइंडचं बटण फीत खायचं. एका दुपारी माझे हात पिठात होते, आईसोबत चकल्यांची भाजणी मळत होते, म्हणून उठले नाही आणि दुसरं गाणं आपोआप सुरू झालं. 'से यू'ल बी देअर'. दोन मिनिटांनी मी हात तसेच ठेवून टेपजवळ जाऊन उभी राहिले. 'वॉनाबी'त मला पाच मुलींचा एक गलका ऐकू यायचा. सुंदर गलका, पण गलकाच. या गाण्यात मला पहिल्यांदा कळलं की ही एक गातेय, ही दुसरी गातेय, आणि शेवटी वरच्या पट्टीत जी सुटते ती त्यांच्यातली मेल सी. टेपच्या बटणाला पीठ लागलं म्हणून बोलणी खाल्ली, पण त्या दिवसापासून त्या पाचजणी माझ्यासाठी पाच झाल्या.

पहिल्या गाण्यात सोसायटीनं 'त्या पाच मुली' पाहिल्या. दुसऱ्यात कोण कोण आहे ते दिसावं असं मला आई म्हणून वाटतं. तुम्ही काय म्हणता? आणि 'लव्ह डाइव्ह' मंडपात कसं वाजेल, हे कुणी जाणकारानं सांगितलं तर फार बरं होईल.

घणसोली_लोकल

ताई, धागा बघून इतका आनंद झाला! मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमचा सात जणांचा कव्हर ग्रुप (या ग्रुपांचे नाच जसेच्या तसे बसवणारा) आहे, वाशीला सराव करतो.

आधी एक शब्द सांगतो, मुलींना माहीत असेलच. कोरियात प्रत्येक नव्या गाण्याला 'कमबॅक' म्हणतात. ग्रुप कुठे गेलेला नसतो, तरी कमबॅकच. आणि पहिला कमबॅक म्हणजे खरी कसोटी, कारण पदार्पणाच्या वेळी लोक नवं म्हणून सांभाळून घेतात.

आयव्हचं तर आणखी अवघड होतं. सहापैकी यूजिन आणि वॉनयंग आधी 'आयझ वन' या ग्रुपमधून आलेल्या, त्यामुळे 'इलेव्हन'च्या वेळी सगळ्यांच्या नजरा त्या दोघींवर. गाउल, रे, लिझ आणि ईसो या चौघी लोकांना नीट कळल्या त्या 'लव्ह डाइव्ह'मध्ये, निदान मला तरी. आणि हे तुमच्या लेकीला नक्की सांगा: सगळ्यात धाकटी ईसो पदार्पणाच्या वेळी चौदा वर्षांची होती. म्हणजे तुमच्या मुलींएवढीच.

गाणं चाललं नाही असंही नाही. २०२२ च्या 'मामा' या कोरियन संगीत पुरस्कारांत वर्षातलं सर्वोत्तम गाणं 'लव्ह डाइव्ह' ठरलं. मेलन या तिथल्या गाण्यांच्या अॅपच्या पुरस्कारांतही तेच. थांबा नव्हता तरी.

रियाझी_पाचपाखाडी

मी वीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, ठाण्यात गडकरीपासून वाडीतल्या पूजेपर्यंत सगळीकडे. कोरियन गाणी माझ्या भाच्यामुळे ऐकली. ताईंनी स्पाइस गर्ल्सचा विषय काढला म्हणून त्याबद्दल आधी.

तुमच्या कानानं बरोबर पकडलंय. 'वॉनाबी' रचलं मॅट रो आणि रिचर्ड स्टॅनर्ड यांच्याबरोबर. दुसरं गाणं एलियट केनेडीबरोबर लिहिलं आणि ध्वनिमुद्रण सांभाळलं 'अॅब्सोल्यूट' या जोडीनं. म्हणजे पहिलं इतकं गाजूनही दुसऱ्या वेळी पुढे काढलेलं गाणं वेगळ्या हातांतलं होतं. ब्रिटनमध्ये 'वॉनाबी' जुलै १९९६ मध्ये आलं आणि सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. एवढं झाल्यावर कुणीही त्याचीच जुळी बहीण आणली असती. यांनी ऑक्टोबरमध्ये जे आणलं त्याची लय संथ, ठेका सैल आणि मधे चक्क माउथ ऑर्गन. तो वाजवणारा जड लँडर, त्यानंच आधी कल्चर क्लब या बँडच्या 'कर्मा कमिलियन'मध्ये वाजवलेला. आणि 'से यू'ल बी देअर'ही ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

आणखी एक. 'वॉनाबी'त व्हिक्टोरियाला एकटीची ओळच नाही. पाच जणींच्या ग्रुपच्या सगळ्यात मोठ्या गाण्यात एकीचा आवाज स्वतंत्र ऐकूच येत नाही! पहिल्या गाण्यात असं होतं. सगळं घाईत, जोशात बांधलेलं असतं. वाटणी नंतर सुचते.

मंडपातल्या आवाजाचं उद्या सविस्तर लिहितो, आज सुपारी आहे.

चाल_महत्त्वाची

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा.

'पहिल्यापेक्षा वेगळं करा' हा नियम मला पटत नाही. ट्वाइस हा कोरियन ग्रुप घ्या. नऊ मुली, पहिलं गाणं ऑक्टोबर २०१५ चं 'लाइक ऊ-आ', दुसरं एप्रिल २०१६ चं 'चिअर अप'. दोन्हींचे संगीतकार तेच, 'ब्लॅक आइड पिलसुंग'. मूड तोच, उत्साह तोच. आणि दुसरं गाणं पहिल्याहून कितीतरी मोठं झालं, त्या वर्षी 'मामा'त वर्षातलं गाणं तेच ठरलं. याउलट आयलिट हा तिथलाच नवा ग्रुप बघा. मार्च २०२४ मध्ये 'मॅग्नेटिक' आलं आणि पदार्पणाचंच गाणं थेट अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० मध्ये गेलं. ऑक्टोबरमध्ये 'चेरिश' आलं. मला स्वतःला ते आवडतं, पण 'मॅग्नेटिक'सारखं ते घराघरात पोहोचलं नाही.

लोकांना जे आवडलं ते पुन्हा द्यावं यात कमीपणा काय? समितीच्या काकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. गणपतीत समोर बसलेली माणसं सोसायटीची आहेत, परीक्षक नाहीत. त्यांना आनंद हवा आहे.

नौपाड्याची

@चाल_महत्त्वाची, राग कसला! 'चिअर अप' मी कालच लेकीबरोबर पुन्हा ऐकलं, तुमच्यामुळे. पण मला त्यात माझाच मुद्दा सापडला. त्या गाण्यात सानाच्या वाट्याला एक एवढीशी लाजरी ओळ आहे, तीन-चार सेकंदांची. लेक म्हणते, त्या ओळीनं साना घराघरात गेली. चाल तीच, संगीतकार तेच, पण दुसऱ्या गाण्यात एक मुलगी गर्दीतून पुढे आली. मला तेवढंच हवंय. वेगळेपणाचा माझा हट्ट नाही.

@घणसोली_लोकल, ईसोचं वय सांगितलं. लेकीनं बाकीच्या चौघींना लगेच फोन लावले.

वाशी_से_१७

यात आपल्याकडच्या व्हिवाचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? २००२, चॅनल व्हीचा 'पॉपस्टार्स'. देशभरातून मुली निवडत गेले आणि शेवटी पाच उरल्या: अनुष्का मनचंदा, नेहा भसीन, प्रतिची महापात्रा, सीमा रामचंदानी, महुआ कामत. 'हम नये गीत सुनाएं' तेव्हा आमच्या कॉलेजच्या प्रत्येक फेस्टमध्ये वाजायचं. पुढच्या वर्षी दुसरा अल्बम आला, तोवर महुआ बाहेर पडली होती, चौघीच उरल्या होत्या. आणि मग ग्रुपच राहिला नाही.

मी त्या पाचजणींवर जीव टाकला होता. माझ्या वहीच्या मागच्या पानावर कोण कुठे उभी राहते त्याचं चित्र होतं. दुसऱ्या अल्बमच्या वेळी मी चित्रातली एक खोडली नाही, तशीच ठेवली. आज नेहा भसीनचं एखादं सिनेमातलं गाणं लागलं की अभिमान वाटतो, पण आत कुठेतरी तो पाचांचा आवाज आठवतो. आपल्याकडे मुलींच्या ग्रुपला दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या गाण्यापर्यंत कुणी थांबूच दिलं नाही. आधी शो, मग गाणं, मग पुढचा शो, पुढचा ग्रुप. कोरियात आयव्हला 'इलेव्हन'नंतर चार महिन्यांत दुसरं गाणं दिलं, ऑगस्टमध्ये तिसरं. कुणीतरी पुढचं आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

ताई, मुलींना यंदाबरोबर पुढच्या वर्षाचंही ठरवायला सांगा.

नौपाड्याची

हे वाचून खूप वेळ गप्प बसले. खोडली नाहीत हे फार बरं केलंत.

ऐरोलीची_आजी

नमस्कार. माझं वय ६८, नातवाकडून टाइप करून घेतेय. कोरियन गाणी मला कळत नाहीत, पण आमचं भजनी मंडळ आहे आणि मंगळागौरीच्या खेळांना मी पंधरा वर्षं जाते, त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क सांगते.

भजनात धृपद सगळ्यांनी म्हणायचं असतं, कडवं एकीनं. कडवं संपताना जी बाई धृपद उचलते तिच्यावर सगळं असतं. उचल उशिरा झाली की टाळ घसरतात. आमच्या मंडळात नवीन बाई आली की पहिले काही महिने ती धृपदातच असते. मग एका एकादशीला तिला एक कडवं देतो. त्या दिवशी तिचा घसा कोरडा पडतो, पण त्या दिवसापासून ती मंडळाची होते. तुमचं ते दुसरं गाणं मला तसलंच वाटतंय.

मंगळागौरीत आम्हाला पहिल्या वर्षी 'सूप नाचवणं' फार जमलं, ठाण्यात त्याचीच मागणी. दुसऱ्या वर्षी ज्या घरी जाऊ तिथे सूप, सूप. आमच्यातल्या एकीची फुगडी फार देखणी होती, पण सुपाच्या नादात ती कुणी पाहिलीच नाही. पुढे तिचे गुडघे गेले. तेवढं मनात राहिलंय.

आणि कुणी म्हणालं गणपतीत कोरियन कशाला, तर सांगा की पूर्वी गणपतीत मेळे असायचे, त्यांत त्या त्या काळची नवी पदं, नव्या चाली म्हणत. देव नव्या चालीला कधी रागावलेला नाही.

घणसोली_लोकल

आजी 🙏🙏 हे मी आमच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी दोनदा वाचलं.

रियाझी_पाचपाखाडी

आजींनी उचलीबद्दल लिहिलंय ते लाखमोलाचं. मी 'लव्ह डाइव्ह' हेडफोनवर तीनदा ऐकलं आणि नेमकं तेच दिसलं. या गाण्याचं धृपद फुटत नाही. 'इलेव्हन'मध्ये आधी लय सोडतात आणि मग पकडतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला पायरी दिसते. इथे धृपद ओठातल्या ओठात म्हटल्यासारखं, खालच्या पट्टीत, बासवर बसलेलं. आरशात बघून स्वतःशीच बोलावं तसं. गाण्याचा विषयही नार्सिससचा आहे, ग्रीक गोष्टीतला तो मुलगा, पाण्यात स्वतःला बघून भुललेला. दोन्ही गाण्यांचे शब्द एकाच लेखिकेचे आहेत, सो जी-उम. तिनं पहिल्यात प्रेमात पडलेली मुलगी दाखवली आणि दुसऱ्यात तीच मुलगी समोरच्याला 'ये, उडी मार' म्हणते. मला ही वाढ फार आवडली.

आता मंडपाचं.

बास हाच या गाण्याचा कणा आणि तोच तुमचा घात करणार. सोसायटीच्या मंडपात उभे स्पीकर असतात, तिन्ही बाजूंना बिल्डिंगच्या भिंती. खालचा आवाज घुमतो आणि गाणं नुसतं गुरगुरतं. साऊंडवाल्याला सांगा: बास उतरव, मिड वर घे. आवाज वाढवून उपयोग नाही. गाणं पेनड्राइव्हवर द्या. फोनवरून ब्लूटूथनं लावलं की मध्येच कुणाचा तरी कॉल येतो. आणि मुली पार्किंगमध्ये फोनच्या स्पीकरवर सराव करतात ना? फोनवर तो बास ऐकूच येत नाही. म्हणजे मंडपात त्यांना गाणं अनोळखी वाटेल आणि पहिली पावलं चुकतील. शेवटचे चार सराव तरी मोठ्या स्पीकरवर करा. कुणाकडे नसेल तर माझा एक जुना आहे, ट्रान्स-हार्बरनं सानपाड्याला आणून देईन.

थांब्याची काळजी करणाऱ्या दोघींना सांगा: टाळीची जागा दुसरीकडे आहे. जिथे एक मुलगी गटातून सुटून मधे येते आणि बाकीच्या तिला वाट करून देतात, तिथे.

चाल_महत्त्वाची

आजींच्या फुगडीवाल्या मैत्रिणीनं मला निरुत्तर केलं. 'लोकांना आवडलं ते पुन्हा द्या' हे मी प्रेक्षक म्हणून बोललो होतो. नाचणाऱ्याच्या बाजूनं विचारच केला नव्हता. तरी एक सुचवतो. सुरुवात गेल्या वर्षीच्या शेवटच्या पोझनं करा. लोक ओळखतील, खूश होतील, आणि मग नवीन गाणं ऐकायला तयार होतील.

नौपाड्याची

पाचही जणींना पार्किंगमध्ये बसवून हा अख्खा धागा वाचून दाखवला. मला वाटलं होतं स्पाइस गर्ल्सपाशी कंटाळतील, पण व्हिवाच्या जागी सगळ्यात जास्त प्रश्न आले. "मग चौथीचं काय झालं, पाचवीचं काय झालं?" मला सगळं सांगता आलं नाही.

'लव्ह डाइव्ह' ठरलं. सुरुवात जुन्या पोझनं, ते पाचहींना एकदम पटलं. विरोध करणाऱ्या दोघींपैकी एकीला लिझच्या ओळी हव्या होत्या आणि मागायला लाजत होती, हे आज कळलं. म्हणजे भांडण थांब्याचं नव्हतंच.

सहाजणींच्या ओळी पाचांत कशा बसवायच्या ते अजून सुटलेलं नाही. गाउलची जागा रिकामी आहे. @घणसोली_लोकल, तुमच्या ग्रुपमध्ये काय करता?

घणसोली_लोकल

दोन पद्धती आहेत ताई. एक, रिकाम्या जागेच्या ओळी शेजारी जी उभी असेल तिला. पावलं कमी चुकतात. दोन, ज्यांना कमी ओळी आहेत त्यांना वाटून द्यायच्या. पावलं बदलावी लागतात, पण सगळ्या दिसतात. तुमचं वाचून मला दुसरीच सांगावीशी वाटते. फक्त जागा बदलताना कोण कुणाच्या पुढून जाणार ते आधी कागदावर काढा, नाहीतर टक्कर होते.

रियाझी_पाचपाखाडी

स्पीकर रविवारी आणतो. चार वाजता चालेल?

नौपाड्याची

दीड महिन्यानं परत आले. झालं काल.

आधी जुनी पोझ, लगेच ओळखीच्या टाळ्या. मग गाणं सुरू झालं आणि मंडप शांत झाला. मला क्षणभर धस्स झालं. गेल्या वर्षी लोक ओरडत होते, यंदा नुसते बघत होते. दुसऱ्या कडव्यात ती लाजरी मुलगी मधे आली आणि बाकीच्या चौघी दोन्ही बाजूंना सरकल्या. तिच्या आजोबांनी, जे कधी खुर्चीतून उठत नाहीत, काठी टेकून उभं राहून बघितलं. तिथे पहिली टाळी आली. बास स्वच्छ होता. रियाझीदादा स्वतः साऊंडवाल्याजवळ उभे होते, त्यांचे आभार कसे मानू?

वन्स मोअर मिळाला नाही. पण आज सकाळपासून लिफ्टमध्ये लोक मुलींना नावानं हाक मारतायत. गेल्या वर्षी "त्या डान्सवाल्या मुली" म्हणायचे. व्हिडिओ मागाल तर, मुली लहान आहेत म्हणून इथे टाकत नाही, समजून घ्या.

आजी, तुमचा निरोप सगळ्यांना सांगितला. तुमच्या फुगडीवाल्या मैत्रिणीबद्दल लेकीनं पुन्हा विचारलं. त्यांना भेटता येईल का?

आणि आत्ता संध्याकाळी सी विंगमधली एक मुलगी आईला घेऊन दारात आली. बाराची असेल. म्हणाली, "पार्किंगमध्ये तुमची एक फुली रिकामी असते ना?"

ऐरोलीची_आजी

मैत्रीण दिव्याला राहते. गुडघे दुखतात, पण रिक्षानं आणीन. तिला सूप नाही, फुगडी विचारा.

घणसोली_लोकल

ताई, आता ओळींची वाटणी पुन्हा करावी लागेल. शनिवारी मी सानपाड्याला येतो, कागद घेऊन.